दैवाचा वाटा

परदेश प्रवासाची आखणी वरवर पाहता निव्वळ हिशेबाची बाब वाटते. मुंबईहून रात्री निघालेले विमान सकाळी फ्रँकफर्टला उतरते. स्वित्झर्लंडला जायचे असेल तर तिथून झुरिकचे दुसरे विमान घेता येते, किंवा विमानतळाला लागूनच असलेल्या स्थानकातून वेगवान गाडी पकडून सुमारे तीन तासांत बाझलला, म्हणजे स्वित्झर्लंडच्या उंबरठ्यावर, पोहोचता येते. दोन विमानांत किती वेळ ठेवावा, तिकिटे एकत्र काढावीत की वेगवेगळी, पहिले विमान रखडले तर गाडीने जाता येईल का, या प्रश्नांची उत्तरे आपण वेळापत्रकात शोधतो. पण त्यांच्या तळाशी आपल्या परंपरेने फार पूर्वीपासून विचारलेला एक प्रश्न आहे. माणसाच्या प्रयत्नाची हद्द कुठवर, आणि त्या हद्दीपलीकडे जे आहे त्याच्याशी त्याने कसे वागावे? याची दोन उत्तरे आपल्या घरांत नेहमी ऐकू येतात. एक म्हणते, एवढा काथ्याकूट कशाला, जे व्हायचे ते होईलच. दुसरे म्हणते, नीट आखले की काही बिघडत नाही, आणि बिघडलेच तर आखणाऱ्याचे चुकले. मला या दोन्ही उत्तरांत एकच दोष दिसतो. पहिले सगळे दैवावर टाकून मोकळे होते, दुसरे दैवाला जागाच देत नाही. दैवाचा वाटा किती, हे मोजण्याचे कष्ट दोघेही टाळतात. चांगली योजना तो वाटा आधीच बाजूला काढून ठेवते, आणि तसा तो काढून ठेवणे हाच निष्काम कर्माचा व्यवहारातला अर्थ आहे, असे माझे म्हणणे आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आधार किंवा स्थान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. एका साध्या विमानप्रवासाला ही मांडणी लावून पाहिली तर तिचा नेमकेपणा लक्षात येतो. विमानतळ आणि आकाशमार्ग हे अधिष्ठान. प्रवासी हा कर्ता. विमान, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट ही साधने. वैमानिकापासून बॅगा चढवणाऱ्यापर्यंत शेकडो माणसांची कामे या क्रिया. आणि यांतल्या कुणाच्याही हातात नसलेले ते दैव. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधला एक ज्वालामुखी उसळला आणि त्याच्या राखेमुळे युरोपच्या मोठ्या भागातले आकाश जवळजवळ आठवडाभर बंद राहिले. सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली आणि जवळपास एक कोटी प्रवासी अडकले. फेब्रुवारी २०१९ पासून काही महिने, आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून, भारतीय विमानांना पाकिस्तानचे आकाश बंद झाले आणि युरोपकडे जाणाऱ्या फेऱ्यांना वळसा पडला. यात प्रवाशाची चूक नव्हती, विमान कंपनीचीही नव्हती. त्याच अध्यायात पुढे म्हटले आहे की, ही पाच कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. हे वाक्य आपण अहंकाराला लगाम म्हणून वाचतो. पण ते दोन्ही बाजूंनी लागू पडते. प्रवास सुरळीत झाला तर सगळे श्रेय माझे नाही, आणि मोडला तर सगळा दोषही माझा नाही. वाटेत अडकलेल्या माणसाला ‘तुझेच कर्म’ म्हणून ऐकवणे हे म्हणूनच निर्दयपणाचे तर आहेच, शिवाय शास्त्राच्या दृष्टीनेही अपुरे आहे.

मग कर्त्याकडे काय उरते? याचेही उत्तर त्याच अध्यायात आहे, पण ते कर्माच्या अधिकाराच्या प्रसिद्ध श्लोकाइतके आपल्या ओठांवर नसते. सात्त्विक, राजस आणि तामस अशी कर्माची विभागणी करताना तामस कर्माची खूण दिली आहे ती अशी: पुढचे परिणाम, होणारी हानी, इतरांना होणारी पीडा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता, मोहाने सुरू केलेले कर्म. म्हणजे परिणामांचा विचार न करणे हा वैराग्याचा भाग नाही. तो तमोगुण आहे. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त हाच मुद्दा जोर देऊन मांडला. फळाची आशा सोडायची म्हणजे हेतू न ठेवता किंवा परिणामांचा अंदाज न घेता वाटेल ते करायचे, असा अर्थ त्यांनी नाकारला. तामस कर्माच्या व्याख्येतले हे चार शब्द मला प्रवासाच्या आखणीच्या चार कसोट्या वाटतात, आणि त्या एकेक लावून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली कसोटी परिणामांची. प्रत्येक विमानतळासाठी दोन विमानांतले किमान अंतर ठरलेले असते आणि त्याहून कमी अंतराची जोडणी कंपन्या एका तिकिटावर विकत नाहीत. फ्रँकफर्टला ते साधारण ४५ मिनिटे आहे. हा आकडा पाहून अनेकांना वाटते की तासाभराचे अंतर पुष्कळ झाले. पण मुंबईहून झुरिकला जाणाऱ्याची पासपोर्ट तपासणी फ्रँकफर्टलाच होते, कारण शेंगेन क्षेत्रात पहिला प्रवेश तिथे होतो. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात बाहेरच्या प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेचा अंदाज आणखी अवघड झाला. शिवाय सुरक्षा तपासणी पुन्हा असते. किमान अंतर हे सगळे सुरळीत चालले तर पुरेल असे अंतर आहे. त्यात दैवाचा वाटा धरलेला नसतो. तो धरणे प्रवाशाचे काम आहे.

दुसरी कसोटी हानीची, आणि इथे तिकीट एकत्र की वेगळे हा प्रश्न निर्णायक ठरतो. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकले तरी प्रवाशाला शेवटच्या मुक्कामापर्यंत नेणे ही कंपनीची जबाबदारी असते आणि सामानही सहसा थेट पुढे जाते. तिकिटे वेगवेगळी काढली तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तो प्रवासी फक्त गैरहजर असतो. त्याला देशात प्रवेश करून, सामान घेऊन, पुन्हा चेक-इन करावे लागते, आणि विमान चुकले तर नवे तिकीट स्वतःच्या खर्चाने घ्यावे लागते. वेगळ्या तिकिटात वाचलेले काही हजार रुपये ही खरी बचत असते, पण ती अनिश्चितता स्वतःकडे घेण्याच्या बदल्यात मिळालेली असते. ज्याला तो फटका पेलवतो त्याने जाणीवपूर्वक ती जोखीम घ्यावी. न पेलवणाऱ्याने, केवळ आकडा लहान दिसला म्हणून घेणे, हाच तो मोह, ज्याबद्दल गीता सावध करते.

रेल्वेचा पर्याय याच विचारातून येतो. फ्रँकफर्ट विमानतळावर लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्थानक १९९९ साली सुरू झाले आणि २००२ साली कोलोनपर्यंतचा अतिवेगवान मार्ग खुला झाल्यावर ते अंतर तासाभरावर आले. आज तिथून जर्मनीच्या बहुतेक मोठ्या शहरांना थेट गाड्या आहेत. चुकलेल्या विमानामागून येणाऱ्या विमानात जागा असेलच असे नाही. चुकलेल्या गाडीमागून मात्र बहुधा तासा-दोन तासांत दुसरी गाडी असते आणि तिच्यात उभे राहूनही जाता येते. पण पर्याय हा कागदावरचा असून चालत नाही, तो वापरता आला पाहिजे. पासपोर्टवर शेंगेन व्हिसा नसेल तर विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय आवारातून बाहेर पडून गाडी पकडताच येत नाही. लंडनहून पॅरिसला समुद्राखालून जाणारी गाडी कितीही सोयीची असली तरी ब्रिटनचा व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही. स्वस्तातले रेल्वे तिकीट एका ठरावीक गाडीला बांधलेले असते. गाडीच उशिरा धावणार असेल तर जर्मन रेल्वे ते बंधन सैल करते. पण विमान उशिरा आल्याने गाडी चुकली आणि ते तिकीट वेगळे काढलेले असेल, तर रेल्वे काही देणे लागत नाही. म्हणून गाडीचे तिकीट विमानाच्याच बुकिंगमध्ये घ्यावे किंवा दिवसभरातल्या कोणत्याही गाडीला चालणारे घ्यावे. आणि रेल्वे म्हणजे खात्री, असेही समजू नये. २०२४ साली जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी सुमारे साडेबासष्ट टक्केच वेळेवर होत्या, आणि तिथे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर म्हणजे वेळेवर असे धरतात.

याच ठिकाणी शेजारच्या देशाचा अनुभव माझ्या मुद्द्याचा सर्वांत मोठा पुरावा ठरतो. स्वित्झर्लंडने १९८२ साली सबंध देशात ठरावीक अंतराने गाड्या सोडण्याची पद्धत आणली आणि १९८७ साली जनमताने ‘रेल्वे २०००’ ही योजना मंजूर केली. त्या योजनेमागचा विचार असा की गाड्या शक्य तितक्या वेगवान करायच्या नाहीत, गरजेपुरत्याच वेगवान करायच्या. मोठ्या स्थानकांवर चहूकडच्या गाड्या तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या सुमारास एकत्र याव्यात, प्रवाशांनी गाडी बदलावी आणि पुन्हा सगळ्या निघाव्यात. त्यासाठी डिसेंबर २००४ मध्ये बर्न ते झुरिक हा प्रवास तासाच्या आत आणला. त्याहून आणखी वेग वाढवण्याची ओढ धरली नाही, कारण मधली मिनिटे गाडी बदलण्यासाठी आणि उशीर पचवण्यासाठी होती. आज त्या देशात नव्वद टक्क्यांहून अधिक प्रवासी वेळेवर पोहोचतात, तेही तीन मिनिटांच्या कडक मोजमापाने. उशिरा आलेल्या काही जर्मन गाड्या बाझललाच थांबवल्या जातात, म्हणजे त्यांचा उशीर पुढच्या वेळापत्रकात शिरत नाही. मोकळा ठेवलेला वेळ वाया जातो, ही समजूत इथे खोटी ठरते. अनिश्चिततेला ज्यांनी जागा दिली त्यांचे काम अधिक निश्चित झाले.

उरलेल्या दोन कसोट्या पीडेच्या आणि सामर्थ्याच्या. सामर्थ्याची कसोटी सोपी आहे, तरी सर्वांत जास्त विसरली जाते. मुलाकडे किंवा लेकीकडे पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या आई-वडिलांचे तिकीट काढताना तिशीतल्या माणसाच्या चालण्याचा वेग गृहीत धरला जातो. गुडघे दुखणाऱ्या, इंग्रजी पाट्या वाचताना अडखळणाऱ्या, व्हीलचेअरची वाट पाहत बसणाऱ्या माणसाला सव्वा तासाची जोडणी म्हणजे सव्वा तासाची धास्ती असते. त्यांच्यासाठी चार तासांचे अंतर किंवा थेट विमान ही चैन नाही. तो त्यांच्याविषयीचा आदर आहे. पीडेची कसोटी याहून दूर जाते. विमानापेक्षा गाडीने केलेल्या प्रवासात दर प्रवाशामागे कर्बवायू फार कमी सुटतो. फ्रान्सने २०२३ साली अडीच तासांच्या आत रेल्वेने जाता येणाऱ्या काही देशांतर्गत मार्गांवरच्या विमानांना बंदी घातली. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नाँत आणि लियाँला जाणाऱ्या फेऱ्या त्या बंदीत आल्या. यावर कुणी म्हणेल की मुंबई ते फ्रँकफर्ट हे साडेसहा हजार किलोमीटर विमानानेच जायचे आहे, मग शेवटचे तीनशे किलोमीटर गाडीने जाऊन काय साधणार? आक्षेप खरा आहे, वाचणारा भाग लहानच आहे. पण जे टाळता येत नाही त्याच्या मोठेपणामुळे जे टाळता येते ते माफ होत नाही. व्यवहारात अहिंसा नेहमी अशाच उरलेल्या, आपल्या हातातल्या भागात पाळावी लागते.

या मांडणीवर तीन गंभीर आक्षेप घेता येतील. पहिला आपल्याच परंपरेतला आहे. योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला सांगतात की दैव म्हणून वेगळे काही नाही. मंदबुद्धीच्या लोकांनी ते कल्पिले आहे, आणि ज्याला दैव म्हणतात तो पूर्वीचाच पुरुषार्थ आहे. मग दैवाला वाटा काढून ठेवणे हे प्रयत्नाच्या दुबळेपणाचे लक्षण नव्हे काय? मला वाटते, इथे दैवाच्या स्वरूपाबद्दलचा वाद आणि आजच्या कर्त्याचे कर्तव्य या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. दैव म्हणजे ईश्वराची इच्छा असो, पूर्वकर्म असो, किंवा असंख्य माणसांच्या आणि निसर्गाच्या हालचालींची बेरीज असो. आज सकाळी विमानतळावर उभ्या असलेल्या माणसाच्या ते हातात नाही, एवढे तिन्ही मतांना मान्य करावेच लागेल. महाभारताच्या अनुशासनपर्वात दैव आणि पुरुषार्थ यांचे नाते बीज आणि शेताच्या दाखल्याने समजावले आहे: एकावाचून दुसरे फळत नाही. दैवासाठी जागा ठेवणे हाही पुरुषार्थच आहे, कारण ती जागा आपोआप राहत नाही, विचार करून ठेवावी लागते.

दुसरा आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो. इतकी तजवीज, इतके पर्याय, हे सगळे देवावरचा अविश्वास नाही का? आपले संत तर पायी निघाले, तिकिटाशिवाय आणि व्हिसाशिवाय. या आक्षेपाला उत्तर पंढरीची वाटच देते. आळंदीहून निघणाऱ्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी जी शिस्त लावून दिली ती आजही चालते. कोणती दिंडी रथापुढे, कोणती मागे, कुठे विसावा, कुठे मुक्काम, हे सारे ठरलेले असते. पुणे आणि सासवड इथे पालखी एकाहून अधिक रात्री थांबते. आणि एकादशीचा सोहळा गाठायचा असताना पालखी पंढरपुरात दशमीलाच पोहोचते. लाखो माणसे भक्तीने चालतात ती या आखणीच्या आधारावर. आणि त्या आखणीत विश्रांती आणि उसंत दोन्ही आहेत. श्रद्धेला योजनेचे वावडे असते तर वारी इतकी टिकली नसती.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो न्यायाचा आहे. मोकळा वेळ, लवचीक तिकीट, वाटेत एका रात्रीचे हॉटेल, हे सगळे पैसेवाल्याला जमते. ज्याला मोजकी रजा मिळते, जो कर्ज काढून मुलाला शिकायला पाठवतो, त्याला घट्ट जोडणीच घ्यावी लागते. त्याला तामस म्हणायचे का? मुळीच नाही. गीतेची कसोटी खर्चाची नाही, विचाराची आहे. चारही गोष्टी तोलून, दुसरा मार्ग नाही म्हणून घेतलेली घट्ट जोडणी तामस ठरत नाही. आणि मोकळीक नेहमी पैशानेच मिळते असेही नाही. दिवसातल्या शेवटच्या विमानाऐवजी आधीचे निवडणे, म्हणजे चुकले तरी मागे दुसरे असते. परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या आदल्या रात्री पोहोचण्याचा बेत टाळणे. औषधे आणि कागदपत्रे हातातल्या बॅगेत ठेवणे. पुढच्या गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून घेणे, याला पैसे लागत नाहीत. आणि जिथे खरेच लागतात, तिथे ही जबाबदारी एकट्या प्रवाशावर टाकणे अन्यायाचे आहे. ती सेवा देणाऱ्यानेही उचलली पाहिजे.

हा शेवटचा मुद्दा युरोपच्या कायद्याने फार चांगला ओळखला आहे. तिथल्या २००४ सालच्या विमान प्रवासी नियमानुसार उड्डाण रद्द झाले किंवा फार उशीर झाला तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई मिळू शकते. कारण असाधारण असेल, कंपनीच्या हातातले नसेल, तर ही भरपाई माफ होते. पण अडकलेल्या प्रवाशाला जेवण आणि निवारा देण्याचे कर्तव्य माफ होत नाही. २०१० च्या राखेच्या संकटाबद्दलच्या एका दाव्यात युरोपीय न्यायालयाने २०१३ साली हेच स्पष्ट केले. कंपनीवर दोष नाही, तरी तिच्या दारात उभ्या असलेल्या माणसाची काळजी घेणे तिच्यावरच आहे. मला यात नीतीचे एक खोल तत्त्व दिसते. दैव दोष पुसून टाकते, कर्तव्य पुसत नाही. आणि हे तत्त्व प्रवाशालाही लागू आहे. विमान चुकणे माझा दोष नसेल. पण त्यानंतर काउंटरवरच्या थकलेल्या मुलीशी मी कसे बोलतो, रांगेत पुढे असलेल्या बाळाच्या आईला जागा देतो की नाही, सोबतच्या वृद्धांना धीर देतो की त्यांच्यावर चिडतो, हे पूर्णपणे माझे आहे. सिद्धी आणि असिद्धी यांत सम राहणारा, धीर आणि उत्साह न सोडणारा असा जो सात्त्विक कर्ता गीतेने वर्णिला आहे, त्याची परीक्षा अशाच ठिकाणी होते. ज्याने दैवाचा वाटा आधी मोजला नव्हता त्याला तो समतोल त्या क्षणी कुठून आणता येणार? ज्याने मोजला होता, त्याला विलंब अपमान वाटत नाही. तो अपेक्षित पाहुणा असतो.

म्हणून पुढच्या प्रवासाची आखणी करताना वाचकांनी तिकिटाची किंमत पाहण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. पहिले विमान दोन तास उशिरा आले तर काय होईल? तो फटका मला पेलवेल का? माझ्या घाईचा भार आणखी कुणावर पडतो आहे? आणि सोबत निघालेल्या सर्वांत अशक्त माणसाला हे झेपेल का? या चारही प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मिळाली की आपले काम झाले. त्यापुढचे दैवाचे आहे. त्याचा वाटा त्याला द्यावा आणि निश्चिंत मनाने निघावे.